प्राजक्त : अंगणातले डोंगरी झाड

ज्या झाडाच्या फुलाचा उल्लेख मराठी काव्यात, कीर्तनात आणि भावगीतांत इतक्या वारंवार आला आहे की त्याचे नुसते नाव निघताच वाचकाचे मन पूर्वसंस्काराने हळवे होऊ लागते, त्या प्राजक्ताच्या लागवडीविषयी, म्हणजे खड्डा किती खोल घ्यावा, खत कोणते घालावे आणि फांदी केव्हा छाटावी अशा निव्वळ व्यवहारी बाबींविषयी, स्वतंत्र पुस्तक लिहावे ही कल्पना पुष्कळांना प्रथमदर्शनी अरसिकपणाची वाटेल. तशी ती वाटो. प्राजक्तावर रसिकांची कृपा आजवर विपुल झाली आहे. आता थोडी माळ्याची कृपाही त्याच्या वाट्याला यावी, एवढी माफक अपेक्षा धरून प्रस्तुत लेखकाने हे काम अंगावर घेतले आहे.

प्राजक्त नाजूक आहे, दुःखी आहे, स्वर्गीय आहे, अशी त्याची ख्याती आहे. आणि या ख्यातीनेच त्याचे सर्वांत अधिक नुकसान केले आहे असे माझे स्पष्ट मत आहे. नाजूक समजून लोक त्याला भिंतीच्या आडोशाला, आंब्याफणसाच्या सावलीत लावतात आणि ते उंच, हडकुळे आणि फुलांविना राहिले की जमिनीला बोल लावतात. चैत्र-वैशाखात त्याची पाने झडली की झाड खंगले असे मानून, घरातील प्रत्येक माणूस येता-जाता त्याच्या बुंध्याशी एक-एक तांब्या रिकामा करतो. आणि देवाचे झाड म्हणून फांदीला कात्री लावणे तर निषिद्धच मानले जाते, त्यामुळे दहा-बारा वर्षांत ते झाड आतून काटक्यांनी भरलेले, वरून बोडके आणि खालून पोकळ असे काहीतरी होऊन बसते. ही दुर्दशा काही एखाद्या घरची नाही. कोणत्याही जुन्या पेठेतून किंवा नव्या वसाहतीतून सकाळी फेरफटका मारणाऱ्याला ती जागोजागी दिसेल. तिचे मूळ एकच आहे: हे झाड मुळात कोठले, कोणत्या परिस्थितीत वाढणारे, याची चौकशी न करताच आपण त्याला घरी आणले आहे.

ही चौकशी करू लागले असता आश्चर्य असे वाटते, की या झाडाच्या दुःखाची कथा युरोपात पोहोचविण्याचे श्रेय ज्या माणसाकडे जाते तो आपल्या मुंबईचा इजारदार होता. गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यास आला, तेथेच त्याने वैद्यकी केली, आणि पुढे पोर्तुगीज सरकारने अल्पशा वार्षिक खंडाच्या बोलीवर त्याला मुंबई बेटाचा मक्ता दिला. बेटावर त्याचा वाडा होता आणि वाड्याभोवती बाग होती. 1563 साली त्याने हिंदुस्थानातील वनस्पती व औषधे यांविषयी संवादरूपाने लिहिलेला पोर्तुगीज ग्रंथ गोव्यातच छापून प्रसिद्ध केला. गोव्यात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक होय. त्यातील एक संवाद केवळ या झाडाला वाहिलेला आहे, आणि त्याला ओर्टाने 'दुःखी वृक्ष' असे नाव दिले आहे. इथल्या लोकांकडून ऐकलेली जी कथा त्याने त्या प्रसंगाने नमूद केली ती अशी, की पारिजातक नावाच्या एका सरदाराच्या कन्येचे सूर्यावर मन जडले. सूर्याने काही काळ तिचा स्वीकार केला आणि मग दुसरीपायी तिचा त्याग केला. तेव्हा तिने प्राणत्याग केला, तिचे दहन झाले, आणि त्या रक्षेतून हे झाड उगवले. म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत.

कथा सुरेख आहे, हे कोण नाकारील? पण तिच्याच शेजारी, त्याच संवादात, ओर्टाने एक साधी घरगुती बाब टिपून ठेवली आहे, जी मला कथेपेक्षा मोलाची वाटते: या फुलाच्या केशरी दांड्यांनी लोक अन्नाला केशराप्रमाणे रंग आणतात. पुढे शतकांनंतर रसायनशास्त्रज्ञांनी या देठातील रंगद्रव्याचे पृथक्करण केले तेव्हा ते खऱ्या केशरात सापडणाऱ्या द्रव्याच्याच जातीचे निघाले. म्हणजे गोव्याच्या स्वयंपाकघरातील बायकांची पारख प्रयोगशाळेच्या किती तरी आधी बरोबर ठरलेली होती. ओर्टाचा स्वतःचा शेवट मात्र खिन्न करणारा आहे. 1568 साली तो वारला. तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळीत होता असा ठपका ठेवून गोव्याच्या इन्क्विझिशनने 1580 साली त्याच्या अस्थी उकरून काढल्या आणि जाहीररीत्या जाळल्या. रक्षेतून उगवलेल्या झाडाची कथा लिहून ठेवणाऱ्याच्या नशिबी हे यावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

ओर्टानंतर हे झाड परदेशी प्रवाशांच्या लिखाणातून सहसा सुटत नाही. गोव्याच्या आर्चबिशपच्या दप्तरी चिटणीस म्हणून राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच गृहस्थाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड बाराखंडी ग्रंथ सिद्ध करवून घेतला, त्याच्या 1678 साली आम्स्टरडॅमला निघालेल्या पहिल्याच खंडात प्राजक्ताचे चित्र आहे. आणि मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे की त्या ग्रंथाच्या मजकुराची सत्यता पटवून देणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोंकणी वैद्य होते, ज्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. लिनियसने 1753 साली या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, त्यात 'रात्री फुलणारे' आणि 'दुःखी वृक्ष' या दोन्ही कल्पना एकत्र गोवल्या, आणि अशा रीतीने गोव्यातील एक लोककथा जगभरच्या वनस्पतिशास्त्रात कायमची दाखल झाली. निक्टॅन्थस आर्बर-ट्रिस्टिस हे ते नाव. नाव सुंदर, मात्र झाड वाढवू इच्छिणाऱ्याने त्यावरून कसलाही बोध घेऊ नये.

आपल्याकडील पौराणिक परंपरा याहून प्रसन्न आहे. समुद्रमंथनातून निघालेला पारिजात इंद्राच्या नंदनवनात होता, सत्यभामेच्या हट्टाखातर श्रीकृष्णाने तो युद्ध करून द्वारकेस आणला, आणि लोकांनी पुढे जोडलेल्या कथेप्रमाणे झाड लागले सत्यभामेच्या अंगणात, पण फुले पडू लागली रुक्मिणीच्या. कुंपणावरून शेजाऱ्याच्या हद्दीत जाणाऱ्या फांदीविषयीचा हा आद्य दावा म्हणता येईल. त्यात वहिवाट कोणाची, मालकी कोणाची आणि उपभोग कोणाचा हे तिन्ही मुद्दे स्वच्छ उपस्थित झाले होते, आणि निवाडा झाला नाही हे फिर्यादीच्या दृष्टीने बरेच झाले. आजही प्राजक्त लावताना पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याची दिशा पाहून घ्यावी असे मी सुचवितो, कारण हे फूल वजनाला इतके हलके असते की थोड्याशा झुळकेनेही ते बुंध्यापासून बरेच दूर जाऊन पडते. स्वर्गातला पारिजात तो हाच का, याविषयी विद्वानांत एकमत नाही. अमरकोशात पारिजातक हे नाव पांगाऱ्याच्या पर्यायांत आले आहे; उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर येथे ज्या अवाढव्य वृक्षाला पारिजात म्हणून पुजतात तो तर मूळचा आफ्रिकेतील गोरखचिंचेचा वृक्ष आहे. श्रद्धेला वनस्पतिशास्त्राच्या दाखल्याची गरज नसते, हे खरे. पण माळ्याला असते. कोणाला पारिजात म्हणून पांगाऱ्याची फांदी मिळाली तर त्याच्या अंगणात तांबडी, निर्गंध फुले आणि भरपूर काटे येतील, एवढे येथे नोंदवून मी हा वाद विद्वानांच्या स्वाधीन करतो.

आता मुख्य मुद्दा. प्राजक्त हे मुळात डोंगरउतारावरचे झाड आहे. सातपुड्यात, विंध्याच्या रांगांत, छोटा नागपूरच्या पठारावर आणि हिमालयाच्या पायथ्याच्या कोरड्या टेकड्यांवर ते रानटी वाढते, आणि तेही सुटे-सुटे नव्हे, तर जेथे माती जेमतेम आहे, खडक वर आलेला आहे, पाणी येते तसे वाहून जाते, अशा उतारांवर दाटीने. पाने इतकी खरखरीत की पूर्वी काही ठिकाणी लाकूड घासून गुळगुळीत करण्यासाठी त्यांचा उपयोग करीत. त्यामुळे शेळ्यामेंढ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि जेथे चराईने इतर झुडपे नामशेष होतात तेथेही हे टिकून राहते. बुंध्याशी तोडले तर नवे धुमारे फोडते. कोवळ्या डहाळ्या चौकोनी, पाने समोरासमोर, आणि कूळ पाहावे तर मोगरा, जाई, जुई यांचेच. दहा मीटरपर्यंत वाढल्याचे दाखले आहेत, पण अंगणात ते बारा ते पंधरा फुटांच्या वर क्वचितच जाते, आणि जाऊ देऊही नये.

रानात त्याचे वर्ष कसे सरते ते पाहिले म्हणजे बागेत त्याला काय हवे याचा निर्णय आपोआप होतो. पावसाबरोबर पालवी येते, श्रावणात पहिल्या कळ्या दिसू लागतात, भाद्रपद-आश्विनात बहर येतो आणि तो कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत उतरत्या प्रमाणात चालतो. कालिदासाने ऋतुसंहारात शेफालिकेचा सुगंध शरद्वर्णनात घातला आहे, आणि बंगालात हेच फूल शिउली या नावाने दुर्गापूजेची वर्दी देते; पश्चिम बंगालचे ते राज्यपुष्पही आहे. संध्याकाळ झाली की कळ्या उमलू लागतात. पाच ते आठ पाकळ्यांचे पांढरे, किंचित वळलेले फूल, केशरी नळीवर बसलेले. पांढरा रंग, रात्रीचा गंध आणि अरुंद नळी ही सगळी तयारी रात्री हिंडणाऱ्या पतंगांसाठी आहे. पहाटे काम संपते आणि पाकळ्या नळीसकट गळून पडतात. ज्याला आपण क्षणभंगुरता म्हणतो ती झाडाच्या दृष्टीने केवळ काटकसर आहे: दिवसभराच्या उन्हात फूल ताजे ठेवण्याचा खर्च त्याला करायचाच नसतो. फळ चपटे, अंदाजे 2 सेंटीमीटरचे, दोन कप्प्यांचे, प्रत्येक कप्प्यात एक बी. माघ-फाल्गुनात पाने पिवळी पडू लागतात आणि चैत्र-वैशाखात, विशेषतः देशावर, झाड जवळजवळ नागवे होते. कोंकणात दमट हवेमुळे ही पानगळ तितकी पुरती होत नाही. ही विश्रांती आहे, व्याधी नव्हे. तिच्यात व्यत्यय आणू नये.

यावरून लागवडीचे जे नियम निघतात ते थोडे आहेत, पण त्यांतला पहिला मोडला तर बाकीचे पाळून काही लाभ नाही. तो म्हणजे मुळाशी पाणी साचता कामा नये. पुणे-सातारा-नगरकडच्या काळ्या जमिनीत प्राजक्त दगावतो तो बहुधा पावसाळ्यात, आणि दगावतो तो तहानेने नव्हे. अशा जमिनीत जमिनीच्या पातळीपेक्षा फूटभर उंच असा मातीचा चौथरा करून त्यावर रोप लावावे. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल पुरे. तळाशी विटांचे तुकडे किंवा जाड मुरूम, वर निम्मी खोदलेली माती, उरलेल्यात मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत. खताविषयी हात आखडताच ठेवावा. भरमसाट शेणखत आणि वर रासायनिक नत्र असा मारा झाला की झाड हिरवेगार, पानांनी गच्च आणि फुलांना कंजूष होते, आणि मग मालक अधिक खत घालतो.

दुसरी बाब उन्हाची. किमान अर्धा दिवस थेट ऊन मिळेल अशी जागा नसेल तर प्राजक्ताचा नाद सोडून दुसरे काही लावावे, हे मी कोणाचीही भीड न ठेवता सांगतो. पाण्याचे म्हणाल तर पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी आणि त्यानंतर जवळजवळ नाही. पानगळीच्या महिन्यांत तर महिन्यातून एखादे वेळी. वळवाच्या सरी येऊ लागल्या की ते आपण होऊन जागे होते. रोपे बियांपासून होतात, तशी छाटणीच्या अर्धपक्व फांद्यांपासूनही पावसाळ्यात होतात, आणि गुटी बांधूनही करता येतात. बियांच्या रोपाला फूल यायला दुसरे किंवा तिसरे वर्ष उजाडते, फांदीच्या रोपाला त्याआधी येते. पण बियांच्या झाडाचा बांधा अधिक चांगला आणि मूळ अधिक खोल असते असे माझे निरीक्षण असल्याने मी त्याचीच शिफारस करीन. बी जुने झाले की उगवण झपाट्याने घटते, म्हणून फळे तपकिरी होऊन सुकली की ती काढून त्याच वर्षी पेरावीत.

छाटणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण येथेच श्रद्धा आणि शास्त्र यांची गाठ पडते. प्राजक्ताला फुले येतात ती त्या वर्षीच्या नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यांत आणि शेंड्यांना. नवी फूट जितकी अधिक तितका बहर अधिक, आणि नवी फूट अधिक हवी तर जुनी फांदी कमी करावी लागते. रानात हे काम लाकूडतोडे, वणवा आणि वादळ करतात. अंगणात ते आपणच केले पाहिजे. फळे झडून गेल्यावर, पालवी फुटण्याच्या आधी, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास, गतवर्षीच्या फुटीचा तिसरा हिस्सा उडवावा, आतल्या वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या साफ काढाव्या, आणि बुंध्यापासून निघालेल्या अनेक सोटांपैकी तीन-चार जोमदार तेवढे राखावेत. गौरी-गणपतीच्या आधी अंगण नीटनेटके करण्याच्या भरात काही घरांत श्रावणात कात्री चालवितात, आणि मग त्या वर्षी बहर येत नाही. ही कात्री खरोखरच पापाची मानावी. पंधरा वर्षे हात न लावलेले, ओसाड झालेले झाडसुद्धा कमरेइतक्या उंचीवर निर्भयपणे कापले तर दोन पावसाळ्यांत पुन्हा भरून येते, असा त्याचा स्वभाव आहे.

शत्रूंपैकी एकाचाच उल्लेख येथे करतो, कारण त्याच्यामुळे हे झाड तोडले जाते. पावसाळ्यात केसाळ सुरवंट रात्री पाने खातात आणि दिवसा खोडावर पुंजक्या-पुंजक्यांनी चिकटून बसतात. अंगाला लागले तर कातडीला आग आणि गांधी, त्यामुळे मुलेबाळे असलेल्या घरात घबराट उडते आणि कोणीतरी पेटता बोळा काठीला बांधून खोडावर फिरवितो. सुरवंट मरतात हे खरे, पण साल भाजून निघते, आणि भाजलेल्या सालीत पुढे खोड पोखरणारी अळी शिरते. तिचा पत्ता भुशाच्या आणि विष्ठेच्या जाळीवरून लागतो. त्यापेक्षा दिवसा ते पुंजके एके ठिकाणी बसलेले असतानाच जाड हातमोजा घालून, लांब दांड्याच्या खराट्याने साबणाच्या किंवा रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत पाडावेत. दोन-तीन दिवसांत बंदोबस्त होतो. एवढ्यासाठी झाड तोडण्याची दरखास्त सोसायटीच्या सभेत आणणाऱ्यांनी आधी खराटा आणावा.

आता या पुस्तकात सर्वांत अधिक भर ज्या गोष्टीवर दिला आहे तिच्याकडे येतो. प्राजक्ताचे फूल आपण झाडावर पाहत नाही, जमिनीवर पाहतो. म्हणून हे झाड लावणाराने आधी त्याच्याखालच्या जमिनीची तजवीज केली पाहिजे. वरचे झाड ही त्यानंतरची बाब. इतर फुलझाडांना हा नियम लागू नाही, आणि बागेची पुस्तके इतर फुलझाडांना समोर ठेवून लिहिलेली असल्याने कोणी तो सांगतही नाही. हिरवळीवर प्राजक्त लावला तर फुले गवतात अडकून दवाने भिजतात आणि वेचता वेचता चुरगळतात. सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकवर ती पायांखाली येतात, चिकटून डाग पडतात, आणि सकाळी झाडूवाला ती कचऱ्याच्या ढिगात लोटतो. रस्त्याच्या वळणावर, गाड्या लावण्याच्या जागेवर, गटाराच्या काठी प्राजक्त लावणे म्हणजे त्याची विटंबना आहे. बुंध्याभोवती निदान पाच-सहा फूट त्रिज्येची मोकळी, सपाट, झाडून ठेवलेली जमीन हवी. सारवलेली असली तर फारच चांगले, नाहीतर धुतलेली जाडी वाळू पसरावी. ज्यांना हेही शक्य नसेल त्यांनी पूर्वीच्या बायका करीत तसे रात्री जुने लुगडे झाडाखाली अंथरावे आणि उजाडता त्याची चारही टोके उचलावीत.

जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये हा सर्वसाधारण दंडक प्राजक्तापुरता शिथिल केलेला आहे, आणि त्यामागे धर्मशास्त्रकारांची व्यवहारबुद्धी दिसते, कारण हे फूल तोडण्याची सोयच नाही. चातुर्मासात देवाला लक्ष फुले वाहण्याचा जो नेम आपल्याकडील स्त्रिया करीत आल्या, तो प्राजक्ताच्या भरवशावरच पार पडे. हिशेब केला तर 120 दिवसांत एक लक्ष म्हणजे दिवसाला 800 हून अधिक फुले पडतात; पहिले दोन महिने फुलांची वानवा असल्याने बहराच्या दिवसांत याच्या दुप्पट-तिप्पट वेचावी लागत. ती वेचायची, मोजायची, आणि केशरी नळीतून दोरा ओवून माळा करायच्या, हा उद्योग पहाटेचा किती वेळ घेत असेल याचा विचार ज्यांना नेम म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा वाटतो त्यांनी अवश्य करावा. घरातील त्या बाईला सूर्योदयापूर्वीचा, कोणाच्या हुकमाबाहेरचा असा तेवढाच वेळ मिळत असे. बाजाराला हा माल परवडण्यासारखा नाही. नऊ-दहा वाजेपर्यंत फूल मान टाकते, त्यामुळे शेवंती-झेंडूप्रमाणे त्याच्या पाट्या भरून परगावी जात नाहीत. ज्याला प्राजक्ताची फुले हवीत त्याला प्राजक्त तरी लावला पाहिजे किंवा शेजाऱ्याशी सलोखा तरी राखला पाहिजे.

वाहून झालेली किंवा कोमेजलेली फुलेही टाकण्याचे कारण नाही. देठ खुडून सावलीत वाळवून ठेवावेत. कोमट पाण्यात भिजविले की रेशमावर आणि सुतावर सुरेख केशरी-पिवळा रंग चढतो. बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगविण्यासाठीही याचा उपयोग होत असे. हा रंग उन्हात विटतो हा त्याचा दोष आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. पानांचा काढा वैद्यकात गृध्रसीवर आणि जीर्णज्वरावर सांगितला आहे. परंतु प्रस्तुत पुस्तक बागकामाचे असल्याने मात्रा आणि अनुपान यांच्या भानगडीत मी पडलो नाही, आणि वाचकांनीही वैद्याच्या सल्ल्यावाचून पडू नये.

ज्यांना अंगणच नाही अशा शहरी वाचकांच्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो. निम्मे कापलेले पिंप, तळाला भोके, वरीलप्रमाणेच हलकी माती आणि गच्चीचे पूर्ण ऊन एवढे असेल तर प्राजक्त पाच-सहा फुटांचा राहून वर्षानुवर्षे फुलतो, मात्र दर फाल्गुनात छाटणी चुकवू नये आणि दोन-तीन वर्षांनी माती बदलावी. घराच्या पायाला त्याच्या मुळांपासून धोका नसतो. सज्जात जेथे दोन तासच ऊन येते तेथे तो जगेल, पण फुलणार नाही.

हे पुस्तक उन्हाळ्यात वाचकांच्या हाती पडावे अशी योजना आहे, आणि त्याला कारण आहे. जुन्या झाडाखाली पहिल्या पावसात आपोआप उगवलेली वीतभर रोपे आषाढापर्यंत कोणत्याही ओळखीच्या घरी मागितली असता मिळतात. विकत घेण्याच्या फंदात पडू नये. जागा मात्र आताच निवडावी, तीही दुपारी ऊन कोठे किती वेळ राहते हे दोन-चार दिवस स्वतः पाहून, आणि खाली मोकळी जमीन उरेल असे अंतर भिंतीपासून व वाटेपासून राखून. खड्डा वैशाखातच काढून उन्हात तापू द्यावा, आणि मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस होऊन गेल्यावर रोप लावावे. पुढील प्रकरणांचा क्रम याच धोरणाने लावला आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी छाटणीचे प्रकरण तेवढे वगळू नये.